स्टॉलवरचा ढेरपोट्या आणि घरातले तथागत: दोघांनाही ‘बुद्ध’ कसं म्हणायचं?

हणजूणची स्टॉलवाली

सर्वांना जय भीम. गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात नऊ वर्षं माझा मूर्तींचा स्टॉल आहे. सगळ्यात जास्त खपतो तो लाफिंग बुद्धा. येणारा-जाणारा त्याच्या पोटावरून हात फिरवतो. पुढच्या रांगेतल्या एकाचा तर बेंबीभोवतीचा सोनेरी रंग पार उडालाय, आतलं पांढरं दिसतं.

गेल्या पावसाळ्यात बाजार बंद होता म्हणून माल घरी आणला. जागा पुरेना, तेव्हा दोन ढेरपोटे तथागतांच्या फळीवर ठेवले, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी. मामंजी रागावले नाहीत. दोन्ही मूर्ती उचलून त्यांनी खाली ठेवल्या, फळी ओल्या फडक्याने पुसली आणि म्हणाले, “सूनबाई, हे बुद्ध नव्हेत.” मग कोण, असं विचारलं तर त्यांना सांगता येईना. तेव्हापासून माझ्या मनातून ते जात नाही.

त्यात मुलगी नववीत. विहारात आपण ‘बोधिसत्त्व बाबासाहेब’ म्हणतो, अजिंठ्याला गाईडने हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व दाखवला, आणि तिच्या मोबाईलमधल्या गेममध्ये बोधिसत्त्व तलवार चालवतो. यातला खरा कोणता, असं ती विचारते. बाजारात एखादा परदेशी मुलगा मला सांगतो की गोव्यात येऊन तो ‘एनलायटन’ झाला. अगदी मनापासून सांगत असतो. तो काय झालेला असतो मग? बुद्ध, बोधिसत्त्व, अर्हंत, कुणीतरी नीट समजावून सांगा. मला ते लेकीला सांगायचंय.

फोंड्याचा मास्तर

ताई, आधी शब्द धरू. ‘बुध्’ म्हणजे जागणं, उमजणं. बुद्ध म्हणजे जागा झालेला. एनलायटन या शब्दात उजेड आहे, आपल्या शब्दात जाग आहे. एखाद्या संध्याकाळी समुद्रकाठी मन निवांत होतं, ते मोलाचंच. पण पाली भाषेतल्या जुन्या बौद्ध ग्रंथांत जाग म्हणजे तृष्णा, द्वेष आणि मोह यांचं मूळच उपटलं जाणं.

द्रोण नावाच्या ब्राह्मणाने भगवंतांना विचारलं होतं, तुम्ही देव आहात का, गंधर्व, यक्ष की माणूस? प्रत्येकाला ‘नाही’ म्हणून ते म्हणाले, पाण्यात वाढून पाण्याच्या वर आलेलं कमळ जसं भिजत नाही तसा मी, मला बुद्ध समज. मुलीला ही गोष्ट आधी सांगा, व्याख्या मागाहून.

वाट कुणी दाखवली नसताना जो ती शोधतो आणि इतरांना शिकवतो तो सम्यक्संबुद्ध. त्या शिकवणीने चालून जो मुक्त होतो तो अर्हंत. बोधिसत्त्व हा बोधीच्या वाटेवरचा. पाली जातककथांत गौतमाच्या मागच्या जन्मांना हेच नाव आहे. महायान या बौद्ध पंथात, सगळ्यांचं दुःख दूर करण्यासाठी बुद्ध होण्याचा संकल्प करणाराही बोधिसत्त्व. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणि, म्हणजे हातात कमळ घेतलेला, तो असाच एक, करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. बाबासाहेबांना आपण बोधिसत्त्व म्हणतो त्यामागेही करुणेचाच अर्थ आहे असं मी मानतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला स्वतः दीक्षा घेऊन ते थांबले नाहीत, लाखोंना सोबत नेलं. तलवारवाला गेम बनवणाऱ्यांनी फक्त नाव उचललं.

आणि तुमचा ढेरपोट्या म्हणजे चीनमधला भटका भिक्खू बुदाई. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारला. बुदाई म्हणजे कापडी पिशवी, ती सदा त्याच्या खांद्यावर असे. पुढे येणार असलेल्या मैत्रेय बुद्धाचं रूप म्हणून लोक त्याला मानू लागले. म्हणजे मामंजी बरोबर आहेत, तो शाक्यमुनी, म्हणजे आपले गौतम बुद्ध, नव्हे. पण तो परका आहे असंही नाही.

जमलं तर धर्मानंद कोसंबी वाचा. १८७६ साली आपल्याच साखवाळला जन्मलेला माणूस पाली शिकायला घर सोडून पार सिलोनला गेला. हे गोव्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक हवं.

डिचोलीकर

गोव्याचा एक धागा मीही जोडतो. युरोपात शेकडो वर्षं योसाफात नावाच्या संताची कथा सांगत. राजपुत्र, बापाने दुःखापासून लपवून वाढवलेला, मग आजारी माणूस आणि म्हातारा दिसतो, आणि तो राज्य सोडतो. ‘बोधिसत्त्व’चं अरबीत बूदासफ झालं, एका टिंबाच्या फरकाने यूदासफ, पुढे योसाफात. योसाफातची आणि बुद्धाची कथा सारखी आहे हे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी लिहून ठेवलं ते पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोतु गोव्यातच पोर्तुगीज दफ्तर सांभाळत होते.

श्रीलंकेतल्या जाफनाहून बुद्धाचा दात म्हणून आणलेला अवशेष पोर्तुगीजांनी गोव्यात कुटून जाळला, तेही कोतुंनीच नोंदवलंय. पेगूचा, म्हणजे आजच्या म्यानमारमधला, राजा त्यासाठी मोठी रक्कम द्यायला तयार होता. श्रीलंकेतले लोक मात्र मानतात की खरा दात कँडीतच सुरक्षित आहे.

ताई, एक विनंती. नुसती बुद्धाची मस्तकं विकत असाल तर विचार करा. कंबोडियातलं अंगकोर, थायलंडमधलं आयुथया इथल्या मूर्तींची डोकी कापून विकली गेली, तिथूनच ती दिवाणखान्यात आली.

हणजूणची स्टॉलवाली

मास्तर, दादा, मनापासून आभार. दोघांचंही उत्तर मामंजींना वाचून दाखवलं. दाताचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “त्या पिशवीत काय असे?” मी परत शोधून वाचलं, मुलांना वाटायचा खाऊ. त्यांनी तो रंग उडालेला बुदाई मागून घेतला आणि नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. फळीवर नाही.

मस्तकं सहा उरलीत. तेवढी कपाटात बंद केलीत, नवीन मागवणार नाही. त्यांचं काय करावं, हे कुणी सांगेल का?