गर्दीत उभी असताना गाडी तापते, महामार्गावर मात्र तापत नाही

यवतेश्वर_पायथा
नमस्कार. माझ्याकडे २००६ सालची पेट्रोल वॅगन आर आहे. वडिलांनी घेतलेली गाडी असल्यामुळे ती विकायची नाही, म्हणून हा दोष मुळापासून समजून घ्यायचा आहे. साताऱ्याहून कराडपर्यंत महामार्गाने ऐंशीच्या वेगाने गेलो तरी तापमानाचा काटा मध्याच्या जरा खाली स्थिर असतो. मात्र संध्याकाळी राजवाडा ते मोती चौक या भागात दहा-बारा मिनिटे अडकलो की काटा हळूहळू वर चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की लगेच उतरतो. गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) आणि नंतर रेडिएटरचे झाकण बदलले. पैसे गेले, दोष तसाच राहिला. आता हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून त्याखालचे गॅस्केट (सांधा घट्ट बंद ठेवणारा पातळ थर) बदलण्याचे सुचवले आहे. कूलंट महिन्याला थोडे कमी होते, इंजिन ऑइलचा रंग नेहमीसारखा आहे, एसी मी सहसा लावत नाही. हेड उतरवण्यापूर्वी काय काय तपासावे?

डिपस्टिक
हेडला इतक्यात हात लावू देऊ नका. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याची फारशी गरज पडत नाही. गाडी उभी राहिली की सगळी भिस्त एकट्या पंख्यावर येते. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर महामार्गावर, जिथे इंजिन कितीतरी जास्त उष्णता निर्माण करते, तिथे गाडी आधी तापली असती. त्यामुळे तो बदलण्याआधी पंखा पाहायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

सकाळी गाडी सपाट जागी उभी करा, एसी बंद ठेवा, बॉनेट उघडून इंजिन चालू करा आणि हात पंख्यापासून लांब ठेवून वीस-पंचवीस मिनिटे पाहत राहा. कूलंट साधारण ९५ अंशांच्या आसपास पोहोचले की पंखा आपोआप सुरू व्हायला हवा आणि काही वेळाने थांबायला हवा. काटा चढत राहिला आणि पंखा हललाच नाही, तर इंजिन बंद करून, ते निवल्यावर, पंख्याचा कपलर (तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड) सोडवून फ्यूज लावलेल्या तारेने त्याला थेट बॅटरीची वीज द्या. फिरला तर मोटर जिवंत आहे, दोष फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), तापमान सेन्सर किंवा वायरिंगमध्ये आहे. फिरला नाही तर मोटरच गेली आहे. काही गाड्यांत रेडिएटरचा आणि एसीचा पंखा वेगळा असतो, तेव्हा कोणता पंखा पाहत आहात याची आधी खात्री करा.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळेच शंभर अंशांनंतरही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून थेट तोंडावर येते.

कोरेगावकर
पंखा फिरतो म्हणजे तो ठीक आहे, असे समजू नका. माझ्या गाडीचा पंखा फिरत होता, पण मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजल्यामुळे वारा पुरेसा येत नव्हता. दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती, परंतु एसीचा कंडेन्सर पुढे ओढल्यावर त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये धूळ, किडे आणि उसाच्या पाचटाचा भुसा यांचा घोंगडीसारखा थर बसलेला निघाला. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्या प्रत्येकाने ही फट एकदा तपासावी. पाणी मारताना जोर कमी ठेवा, नाहीतर पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात.

बोअरचे_पाणी
कूलंट कमी होते, त्याकडे दुर्लक्ष नको. होज पाइपांच्या क्लिपांपाशी आणि वॉटर पंपाखाली वाळलेले डाग शोधा. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये भरू नका, आत क्षार बसतात. थंड इंजिनवर झाकण काढून गाडी चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले आणि इंजिन गरम झाल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तरच गॅस्केटचा संशय धरा. तोवर गर्दीत काटा चढलाच तर हीटर पूर्ण चालू करा, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता गाडीत ओढली जाईल, आणि काचा खाली घ्या. उकाडा सोसावा लागेल, पण इंजिन वाचेल.

यवतेश्वर_पायथा
सर्वांचे मनापासून आभार. काटा पाऊण भागापर्यंत गेला तरी पंखा हलला नाही. बॅटरीवरून थेट जोडताच जोरात फिरला. फ्यूज आणि रिले चांगले होते, म्हणून वायरिंगवाल्याने कपलर उजेडात धरून पाहिला, तेव्हा एक पिन तपकिरी पडलेली आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक वितळलेले दिसले. कपलर बदलल्यावर पंखा आपोआप सुरू होऊ लागला. कंडेन्सरमागचा थरही निघाला, कोरेगावकरांच्या इतका नाही, पण होता. काल संध्याकाळी मोती चौकात वीस मिनिटे अडकलो, काटा मध्याच्या वर गेला नाही. खालच्या होजच्या क्लिपपाशी हिरवट डाग सापडला, ती बदलली आहे. कूलंटच्या बाटलीवर आजच्या पातळीची रेघ मारून ठेवली आहे. महिन्याने पाहून येथे कळवतो.