"आधी खड्डे बुजवा मग हेल्मेटचं बोला" – हा मुद्दा आहे का पळवाट?

मेधा_ॲक्टिवा:
पुण्यात हेल्मेटसक्ती म्हटलं की तीच वाक्यं, २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी पावत्या फाडायला घेतल्या तेव्हाही हीच होती. "आमचे मामा चाळीस वर्षं स्कूटर चालवतायत, काही झालं नाही." अहो पण ज्यांना झालं ते सांगायला येणारेत का? दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने हेच दाखवलं, परत आलेल्या विमानांना जिथे गोळ्या लागल्यात तिथे नाही, जिथे लागलेल्या दिसत नाहीत तिथे पत्रा जाड करा, कारण तिथे लागलेली विमानं परतलीच नाहीत. मग "आज हेल्मेट, उद्या चालतानाही घालायला लावतील". हेल्मेटचा कायदा १९८८ चा आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९, अजून तो 'उद्या' आलेला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खड्डे, विषयच बदलून टाकायचा.

कोथरूडचा_अण्णा:
खड्डे ही पळवाट कशी काय? मी स्वतः हेल्मेट घालतो. पण दंड जागेवर वसूल आणि खड्डा पावसाळाभर तसाच, हे विचारायचं नाही का? प्रत्येक वाक्याला लेबल लावलं की समोरचा गप्प बसतो, पटत काहीच नाही. आणि मामांचं उदाहरण कच्चं आहे म्हणून सक्ती बरोबर ठरली असंही होत नाही ना.

मेधा_ॲक्टिवा:
विचारा की, मीपण विचारते. पण खड्डे आहेत म्हणजे पडायची शक्यता जास्त, मग तर हेल्मेट जास्तच हवं! कॉक्रेन, म्हणजे वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या आढाव्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका साधारण ४२% आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९% कमी होतो असं आहे.

पेठेतला:
तुम्हा कारवाल्यांना गर्दीत वीसच्या स्पीडने जाणाऱ्याचं काय कळणार

मेधा_ॲक्टिवा:
मी रोज टू-व्हीलरवरच असते, आणि कारमध्ये असते तरी आकडा बदलला नसता. राहिला स्पीड, तर सिग्नलला उभ्या गाडीवरून तोल गेला तरी डोकं डांबरावरच आपटतं.

कोथरूडचा_अण्णा:
"खड्डे आहेत म्हणून हेल्मेट नको" हे चूकच, त्यावर वादच नाही. पण "दंड घेताय तर रस्तेही करा" हे वेगळं वाक्य आहे आणि बहुतेक लोक चिडून का होईना हेच म्हणत असतात. त्यांना पळवाट काढतायत म्हणून उडवून लावू नका, आधी नक्की काय म्हणायचंय ते विचारा.