हॅनोव्हरच्या मेळ्यात हॉटेलाऐवजी घरगुती खोली

जर्मनीतल्या हॅनोव्हरला औद्योगिक मेळ्याच्या आठवड्यात हॉटेलं परवडत नाहीत, ही तक्रार अगदी खरी. पण घरगुती खोली नक्की बघा. ती तिथली जुनी रीत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतला लाइपझिगचा मोठा मेळा सोव्हिएत ताब्यातल्या भागात गेला, म्हणून हॅनोव्हरचा भाग ताब्यात असलेल्या ब्रिटिशांनी १९४७ मध्ये हॅनोव्हरजवळ लाट्झनला, हलक्या धातूंच्या बंद कारखान्याच्या शेडमध्ये निर्यात मेळा भरवला. शहर बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं, अन्न रेशनवर. तिथे मासळी भरलेले पाव मिळायचे म्हणून लोकांनी त्याला 'मासळी-पावाचा मेळा' नाव दिलं! पाहुण्यांना पुढे कित्येक वर्षं गावातल्या बायांनी आपल्या घरात ठेवून घेतलं. त्या बायांना 'मेसेमुट्टी', म्हणजे मेळ्याच्या आया, म्हणत.

मीही अशाच एका आजींकडे राहिलो. सकाळी ब्रेड, चीज, उकडलेलं अंडं, आणि निघताना हातात ८ नंबरच्या ट्रामची वेळ लिहिलेली चिठ्ठी. ती ट्राम थेट मेळ्याच्या जागेजवळच्या मेसे-नॉर्ड थांब्याला सोडते. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदारांनी तर ही सोय जरूर बघावी, वाचलेल्या पैशात आपल्या एका कामगाराला सोबत नेता येतं. आणि बूट मात्र जुने, पायाला सरावलेलेच घाला. हॉल प्रचंड आहेत.