भाच्याला स्काऊटचा राज्य पुरस्कार मिळालाय, आहेर काय करावा?

सेलूची मावशी

बहिणीचा मुलगा नववीत आहे. त्याला स्काऊटचा राज्य पुरस्कार मिळालाय आणि पुढच्या रविवारी शाळेत प्रमाणपत्र वाटपाचा कार्यक्रम ठेवलाय. माहेरकडून आम्ही सात-आठ जण जायलोत. घरात दोन मतं पडलीत. आई म्हणते भर आहेर करा, स्टेजवरच फेटा बांधा. भाऊ म्हणतो ५०१ चं पाकीट द्या. मला वाटतं लेकराच्या कामाला येईल असं काही द्यावं, पण त्यातलं मला काही कळत नाही. १००० ते १५०० पर्यंत खर्च करू शकतो.

गणवेशावर हार-फेटा चालतो का? पाकीट दिलं तर वाईट दिसतं का? त्याची धाकटी बहीण पण गाईडमध्ये आहे, तिला या वेळी काही नाही, तिचं मन कसं राखावं? आणि स्काऊटच्या सरांना काय द्यावं?

पथक_लातूर

ताई, भाच्याचं मनापासून अभिनंदन. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान या पायऱ्या चढल्यावर मगच राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराला जाता येतं. एका दिवसाच्या स्पर्धेत मिळणारी ही ढाल नव्हे. म्हणून कौतुक जरूर करा, फक्त जागा आणि वेळ बघून करा.

गणवेशावर हार आणि फेटा नको. गळ्यातला स्कार्फ, त्याचा वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी), खांद्यावरची आणि बाहीवरची पदकं ही सगळी त्या मुलाने कमावलेली ओळख असते, ती झेंडूच्या हाराखाली झाकली जाते. टोपी काढून फेटा बांधला की गणवेश अर्धवट राहतो आणि सॅल्यूटच्या वेळी लेकरू गोंधळतं. कपाळाला कुंकू लावायला काही हरकत नाही. फेटा, ओवाळणं, टोपी-उपरणं हे घरी, त्याने कपडे बदलल्यावर करा. आईंची हौसही होईल.

स्टेजवर भेट घेऊन चढू नका. ध्वजवंदन, प्रार्थना, पुरस्कार वाटप, पाहुण्यांचे दोन शब्द असा क्रम ठरलेला असतो. एका घरचे नातेवाईक मध्ये चढले की बाकीचे पण उठतात. आणि ज्या पोराकडून कुणीच आलेलं नसतं ते तिथेच शेजारी उभं असतं, त्याच्याकडे बघा.

भाचा डावा हात पुढे करील, तेव्हा रागावू नका. आपल्याकडे डाव्या हाताने देणं-घेणं वाईट मानतात, पण स्काऊट हस्तांदोलन डाव्या हातानेच करतात, हृदयाजवळचा हात म्हणून. आजीला हे आधीच सांगून ठेवा. तीन बोटांचा सॅल्यूट म्हणजे वचनाचे तीन भाग, आणि करंगळीवर टेकलेला अंगठा म्हणजे बलवानाने दुर्बळाला जपावं.

पाकिटाचं: वाईट दिसत नाही, पण आठवडाभरात ते पैसे मोबाईलच्या रिचार्जमध्ये जातात. स्काऊटच्या नियमांतच 'स्काऊट काटकसरी असतो' हे येतं आणि 'खरी कमाई' नावाचा उपक्रमही असतो, त्यात मुलं स्वतः काम करून पैसे मिळवतात. पैसेच द्यायचे तर पोस्टात बचत खातं काढून द्या. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने ते उघडता येतं, सुरुवातीला ५०० रुपये भरावे लागतात. म्हणजे तुमच्या भावाचं पाकीट जवळपास तेवढंच आहे. आधार कार्ड, जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो बरोबर न्या. पासबुकावर त्याचं नाव छापून आलं की ते पाकिटापेक्षा कितीतरी दिवस टिकतं.

आणखी एक, बाजारात मिळणारं बिल्ला-पदक 'भेट' म्हणून आणू नका. स्काऊटची पदकं संस्थेकडून, चाचणी पास झाल्यावरच मिळतात. न मिळालेलं पदक त्याने लावलं तर कमीपणा त्यालाच येतो.

कासरा_आणि_कंपास

वस्तूच द्या, पुढच्या शिबिराला उपयोगी पडेल अशी. राज्य पुरस्कारानंतर राष्ट्रपती पुरस्काराची तयारी असते, तेव्हा सामान लागतंच. तुमच्या बजेटमध्ये मी पुढची जोडी सुचवीन: चांगला कंपास (दिशा दाखवणारं होकायंत्र) आणि गाठींच्या सरावाला सुती दोर.

कंपास घेताना किल्लीच्या जुडग्यातला पिटुकला घेऊ नका. पारदर्शक पट्टीवर बसवलेला, आत द्रव भरलेला, कडेला दोन-दोन अंशांच्या खुणा असलेला घ्या. दुकानातच तपासा: कंपास सपाट धरा, सुई थांबू द्या, लोखंडी किल्ली जवळ नेऊन सुई हलवा आणि किल्ली दूर करा. सुई पुन्हा त्याच खुणेवर यायला हवी. वेगळ्या खुणेवर थांबली तर आतलं टोक झिजलेलं किंवा अडकलेलं असतं, तो कंपास परत ठेवा. द्रवात मोठा बुडबुडा असला तरी सुई अडते. घरी आल्यावर तो मोबाईलच्या शेजारी ठेवायचा नाही. मोबाईलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, फार जवळ राहिलं तर सुई उलटीसुद्धा होते, म्हणजे उत्तरेचं टोक दक्षिण दाखवायला लागतं. मराठवाड्यात चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे नकाशा वाचताना त्याला दुरुस्ती करत बसावं लागत नाही.

दोर ३ मीटरचा, ८ मिलिमीटर जाडीचा, सुती किंवा तागाचा. आठवडी बाजारात कासरे-दावी विकणाऱ्याकडे मिळेल, पण हल्ली तिथे बहुतेक नायलॉनच असतो, म्हणून हात लावून बघा. नायलॉन गुळगुळीत असतो, त्यावर सपाट गाठ सुटून येते आणि लेकराला वाटतं गाठ आपणच चुकवली.

शिट्टी द्यायची तर आत मणी नसलेली द्या, मणी थुंकीने किंवा धुळीने चिकटतो. टॉर्च सेलवर चालणारी घ्या, शिबिरात चार्जिंगची सोय असतेच असं नाही. चाकू नको. शाळेत चालत नाही आणि तपासणीत काढून घेतात.

गाईड कॅप्टन, नांदेड

वरच्या दोघांशी सहमत. थोडी भर.

आपल्या मराठवाड्यातला जुना रिवाज इथे फार कामाचा आहे: भांड्यावर नाव घालणे. शिबिरात पन्नास-साठ पोरांची ताटं एकाच नळाखाली धुतली जातात आणि सगळी स्टीलची ताटं सारखीच दिसतात. ताट, वाटी, पेला आणि चमचा असा संच घ्या, भांड्यांच्या दुकानातच नाव कोरून मिळतं. मजकूर लहान ठेवा: पूर्ण नाव, 'राज्य पुरस्कार', वर्ष. नाव ताटाच्या खालच्या बाजूला घाला. आत घातलं तर कोरलेल्या रेघांत वरण बसतं आणि ते धुताना निघत नाही. दोन पदरी थर्मास-बाटलीवर मात्र ठोकून नाव घालू नका, बाहेरचा पत्रा पातळ असतो, पोकळी गेली की पाणी गार राहत नाही. साधी एक पदरी एक लिटरची बाटली असेल तर चालतं.

प्रमाणपत्राची फ्रेम आधी घेऊन ठेवू नका, कागदाचं माप हातात आल्यावरच घ्या. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शिक्का-सही पसरू शकते, ते परत निघत नाही, आणि पडताळणीच्या वेळी मूळ कागद हातात घेऊन तपासता येत नाही. स्कॅन करून ठेवा, दोन झेरॉक्स काढा, मूळ प्रत प्लास्टिक फोल्डरमध्ये सपाट ठेवा.

धाकटीबद्दल: तिला भावासारखीच भेट देऊ नका, त्याने त्याच्या मेहनतीचं मोल कमी होतं, आणि तिलाही कळतं की हे समजूत घालायला दिलंय. तिच्या पुढच्या सोपानाच्या तयारीला लागणारी छोटी वस्तू द्या. प्रथमोपचाराच्या सरावासाठी त्रिकोणी पट्टी उत्तम. साधारण एक मीटर चौरस मांजरपाट घेऊन कर्णावर कापलं की दोन पट्ट्या होतात. कडा दुमडून शिवायला सांगा, नाहीतर धागे सुटतात. घरी भावाला ओवाळायचं ताट तिच्याच हातात द्या.

सरांना सगळ्या पालकांनी मिळून एकच शाल-श्रीफळ द्यावं. एकेका घराने वेगळी महागडी वस्तू दिली तर नोकरीत असलेल्या माणसाला ते घेणं अवघड होतं. त्याबरोबर मुलांनी हाताने लिहिलेलं एक पत्र द्या, ते सर जपून ठेवतात.

सेलूची मावशी

किती नीट सांगितलंत सगळ्यांनी! कंपास, दोर आणि नाव घातलेलं ताट एवढं ठरलं, भाऊ पोस्टात खातं काढून देतोय. आईला फेटा घरी बांधायचं पटलं. सुती दोर मिळाला, पण कापलेली टोकं सुटायलीत. तसाच द्यावा का गाठ मारून?

कासरा_आणि_कंपास

टोकाला गाठ मारू नका ताई, मग दोर फासातून ओढला जात नाही. जाळूही नका, जाळून चिकटतो तो नायलॉन, सूत नुसतं काळं पडतं.

टोक दोऱ्याने बांधायचं. जाड सुती दोरा हातभर घ्या. त्याचा एक फास करून दोराला लांबीने समांतर ठेवा, फासाचा बंद, वळलेला भाग दोराच्या कापलेल्या टोकाकडे. आता टोकापासून साधारण दीड-दोन सेंटीमीटर आत सुरुवात करून टोकाच्या दिशेने घट्ट वेढे घ्या, एकाला एक चिकटून, वर चढता कामा नये. ८ मिलिमीटरच्या दोराला वेढ्यांची पट्टी साधारण १२ मिलिमीटर रुंद झाली की पुरे. हातातलं टोक फासातून ओवा. मग मागे राहिलेलं दुसरं टोक हळूहळू ओढा, फास वेढ्यांच्या खाली सरकत जाईल. तो पट्टीच्या मध्यावर आला की थांबा. जास्त ओढलं तर पलीकडून बाहेर येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. दोन्ही बाजूंचा उरलेला दोरा वेढ्यांच्या कडेशी कापा.

एकच टोक तुम्ही बांधा. दुसरं तसंच ठेवून बरोबर दोऱ्याचं रीळ द्या, ते भाचा तुमच्यासमोर बांधून दाखवील.