अनुभव धागा: गरोदरपणात नेटवर वाचलेलं, धीर देणारं आणि झोप उडवणारं

सातवा महिना चालू आहे. दिवसा वाचते तेव्हा सगळं 'नॉर्मल' असतं, आणि रात्री अडीचला तेच लक्षण भयंकर निघतं. तुमचं काय झालं? उपदेश नकोत, अनुभव लिहा.

*

20व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत 'वार (प्लासेंटा) खाली आहे' असं आलं. घरी पोचेपर्यंत मी रक्तस्राव, सिझेरियन सगळं वाचून मोकळी! गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वार वर सरकते, हे त्याच पानावर खाली होतं. तिथवर गेलेच नाही. 32व्या आठवड्यात माझीही सरकली होती.

*

डबल मार्कर या रक्तचाचणीत डाउन सिंड्रोमसाठी 'हाय रिस्क, 1:180'. नवऱ्याने समजावलं, म्हणजे 180 पैकी 179 जणींच्या बाळांना ते नसतं, आणि ही चाचणी शक्यता सांगते, निदान नाही. गणित पटलं. रडू काही थांबलं नाही. पुढची तपासणी केली, तेव्हा कुठे जेवण गेलं.

*

माझं उलट. मला धीरानेच गोत्यात आणलं. 34व्या आठवड्यात तळहात-तळपाय खाजायला लागले, रात्री जास्त. पुरळ नाही, काही नाही. 'त्वचा ताणते, होतं असं, क्रीम लावा' असं वाचलं आणि दहा दिवस क्रीम चोपडत राहिले. रात्री गार फरशीवर पाय टेकवून बसायचे. तपासणीत उठता उठता सहज म्हटलं, तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रक्तात बाइल अॅसिड वाढलेली, म्हणजे यकृताचा त्रास, कोलेस्टेसिस. 37व्या आठवड्यात कळा आणवल्या. लेक ठणठणीत आहे. ते दहा दिवस मात्र अजून आठवतात.

*

'नवव्या महिन्यात जागा पुरत नाही म्हणून बाळ कमी हलतं' हे कोण लिहितं देव जाणे. साफ चूक. हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ हलायचं कमी होत नाही. मला कमी वाटली म्हणून रात्री बाराला फोन केला, नर्स म्हणाली, "लगेच या." ठोके ठीक होते. निघताना म्हणाली, "परत वाटलं तर परत या."

*

नवऱ्याचा प्रतिसाद चालेल ना? बायको घाबरेल म्हणून तिच्याऐवजी मीच वाचायचो. आठव्या महिन्यात डोकं दुखायचं, डोळ्यांपुढे काजवे. मी वाचून सांगितलं, झोप कमी पडतेय. तिने माझं ऐकलं नाही, बीपी मोजायला गेली. 150/100.