९०० डॉलरची व्हिक्टरी : घ्यावी की सोडावी?

ह्यूस्टनचा पाव्हणा

मंडळी, इथे एक जुनं रिव्हॉल्व्हर विकायला आलंय आणि माझा जीव त्यात अडकलाय. एक गृहस्थ वारले, त्यांचा संग्रह पुतण्या विकतोय. त्यात स्मिथ अँड वेसनची दुसऱ्या महायुद्धातली 'व्हिक्टरी' आहे. नळी पाच इंची, मुठीच्या तळाशी दोरी ओवायची कडी, क्रमांकाआधी व्ही हे अक्षर. पुतण्या ९०० डॉलर म्हणतो. का, तर हे ब्रिटिश इंडियन आर्मीतल्या एका अधिकाऱ्याने इटलीत वापरलं, असं काका सांगायचे.

आता माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९४४ साली इटलीतच. मन ओढ घेणार नाही तर काय?

माझं मत सरळ आहे. जुन्या हत्याराची किंमत त्याच्या कागदावर ठरते. कंपनीच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनला क्रमांक कळवून फी भरली की ते पत्र देतात, माल कारखान्यातून कधी निघाला आणि कुणाकडे गेला याचं. पत्र हातात आलं की मगच सौदा, आणि त्यात तसं निघालं तर ९०० सुद्धा कमीच. नेमबाजीच्या रेंजवरचा मित्र म्हणतो मी येडा आहे. तुमचं काय म्हणणं? (ग्रीन कार्ड आहे, व्यवहार लायसन्सवाल्या दुकानातूनच करणार. त्यामुळे कायद्याचा कीस नको.)

नटबोल्ट

मित्राशी सहमत.

पत्र सांगतं फक्त 'कधी' आणि 'कुठे'. ब्रिटिशांसाठीच्या व्हिक्टरीबाबत हे 'कुठे' म्हणजे बहुतेक वेळा अमेरिकन सरकारचं कोठार. तिथून लेंड-लीजमध्ये (युद्धात अमेरिकेने मित्रराष्ट्रांना माल पुरवायची योजना) बोटीवर चढलं आणि पुढे कुठल्या पलटणीत गेलं, हे कारखान्याच्या वहीत कसं सापडेल? राहिलं 'कधी'. त्याला पत्र कशाला? एप्रिल १९४२ मध्ये या मॉडेलचे क्रमांक १० लाखांवर पोचले, तेव्हा व्ही लावून पुन्हा एकपासून मोजणी सुरू केली, ती युद्ध संपेपर्यंत चालली. व्हीच्या जोडीला एस असेल तर माल १९४४ च्या अगदी शेवटचा किंवा नंतरचा. एका खलाशाचं रिव्हॉल्व्हर खाली पडून बार उडाला आणि माणूस गेला. त्यानंतर घोडा अडवणारा नवीन सेफ्टी ब्लॉक बसवला, त्याची ती खूण.

आता काय बघायचं ते सांगतो. आधी सिलिंडर उघडून काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री. मग क्रमांक. मुठीच्या तळाशी आहे तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर हवा, सिलिंडर बाहेर काढल्यावर नळीच्या खालच्या सपाट भागावर दिसतो तिथे हवा, आणि मुठीवरच्या उजव्या लाकडी पट्टीच्या आतल्या बाजूला हवा. सिलिंडरच्या बिजागरीपाशी दिसणारा वेगळाच आकडा बघून घाबरू नकोस, आणि त्यावरून सालही काढू नकोस. तो जुळणीच्या वेळचा आकडा असतो. निम्मे नवशिके तिथेच फसतात, मीही फसलो होतो.

रंग बघ. युद्धातला माल मंद, राखाडी-काळपट असतो. आरशासारखा निळा किंवा चकचकीत निकेल दिसला तर नंतर कुणीतरी हात फिरवलाय. नळीवरच्या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील, स्क्रूभोवती खळगे पडले असतील, तर पॉलिशच्या चाकावर घासलंय. पट्ट्या साध्या गुळगुळीत अक्रोडाच्या हव्यात. नळी कापलेली नाही ना, तेही बघ. कापलेल्या नळीवर कंपनीचं नाव मधोमध बसत नाही आणि नेम धरायची पुढची माशी मागाहून लावलेली दिसते.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. ब्रिटिशांना दिलेल्या व्हिक्टरीचं काडतूस होतं पॉइंट ३८ एस अँड डब्ल्यू (म्हणजे स्मिथ अँड वेसन), आखूड आणि जरा जाड. युद्धानंतर हा माल स्वस्तात अमेरिकेत परत आला आणि लोकांनी लांब पॉइंट ३८ स्पेशल बसावं म्हणून घरं आतून कोरली. मूळ घरात स्पेशल पूर्ण आत जातच नाही. गेलं, तर समजायचं काय ते.

वहीखाते

नटबोल्ट, बाकी सगळं मान्य, पण पत्राला एवढं झटकू नका. अमेरिकेतच राहिलेल्या चार इंची, पॉइंट ३८ स्पेशलवाल्या व्हिक्टरी कितीतरी पोलीस खात्यांना आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांच्या पहारेकऱ्यांना गेल्या. तिथे पत्रात नेमकं नाव येतं आणि त्या नावाला गिऱ्हाईक असतं. जुन्या वस्तूला कागद नसेल तर ती नुसती जुनी वस्तू. पैठणीसुद्धा 'आजीच्या लग्नातली' म्हणून कपाटात राहते, धागे मोजून नाही.

नटबोल्ट

पैठणी तुमच्या आजीची असते म्हणून राहते. बाजारात दुसऱ्याच्या आजीचे पैसे कोण देतं? आणि पाव्हण्याचं पाच इंची आहे, चार इंची नाही.

वहीखाते

बघा, म्हणजे ज्याच्या घरची गोष्ट त्याला किंमत, हे तुम्हीच कबूल केलंत. पाव्हण्याच्या घरची गोष्ट आहेच की.

निवांत

पणजोबांचा हुद्दा काय होता? उगाच खवचटपणा नाही करत. रिव्हॉल्व्हर असायचं मुख्यतः अधिकाऱ्यांकडे. त्याच मराठा लाइट इन्फंट्रीतले, माणगावकडचे यशवंत घाडगे घ्या, हुद्दा नाईक. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात त्यांनी मशिनगनचं ठाणं एकट्याने घेतलं. आधी हातबॉम्ब, मग टॉमीगन (हातातली छोटी मशिनगन), आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा तिचाच दस्ता. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सगळ्या वर्णनात रिव्हॉल्व्हर कुठेही नाही. पणजोबा शिपाई असतील तर त्यांची आठवण रायफलीत शोधा. व्हिक्टरीत साहेबाची सापडेल.

ह्यूस्टनचा पाव्हणा

हवालदार होते. तुमचं म्हणणं टोचलं, पण खरं आहे.

तर्रीबाज

कोल्हापुरातून. तुम्हा लोकांची मज्जा आहे, क्रमांक काय बघता, रंग काय बघता. आमच्याकडे आयात बंद होऊन जमाना झाला, त्यामुळे लायसन्सवर घ्यायचं तर पॉइंट ३२ ची जुनी वेब्ली अँड स्कॉटसुद्धा लाखांत जाते. साल कोण विचारतंय? 'विलायती' एवढा एक शब्द पुरतो. मामांच्या वेब्लीचा रंग दोनदा नवा केलाय आणि प्रत्येक वेळी तिचा भाव वाढला! तेव्हा नटबोल्टरावांचा रंगाचा नियम तिथलाच. भाव टंचाईवर ठरतो, बाकी सगळं नंतर.

नटबोल्ट

टंचाईवर म्हणाल तर मुद्दा माझ्याच बाजूचा. ब्रिटन आणि राष्ट्रकुलाला पाच लाखांहून जास्त व्हिक्टरी गेल्या. ही वस्तू दुर्मिळ नाहीच. दुर्मिळ आहे ती न छेडलेली. म्हणून तर रंग आणि क्रमांक बघायचे.

घरंगळलेला दगड

मला एक कळत नाही, माणसं मारायला केलेल्या वस्तूचं एवढं कौतुक कशाला? ९०० डॉलर कुठल्यातरी शाळेला द्या.

तर्रीबाज

आलेच हे. तलवारी आणि बिचवे बघायला संग्रहालयात तुम्हीही जाताच ना?

वहीखाते

विषयावर या. पाव्हणे, ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचा शिक्का असतो, हिंदुस्थान सरकारच्या मालकीच्या हत्यारांवर त्या बाणासोबत इंग्रजी आय. तो दिसतोय का? दिसला तर काकांच्या गोष्टीत थोडा तरी जीव आहे.

नटबोल्ट

शिक्का मागाहूनही ठोकता येतो, ताई.

वहीखाते

येतो की. मग तुमच्या लाडक्या क्रमांकांनाही तेच लागू.

ह्यूस्टनचा पाव्हणा

काल बघून आलो. दुकानदारासमोरच तपासलं, त्याच्याकडची नकली काडतुसं वापरून.

सिलिंडर आणि नळीवरचा क्रमांक मुठीशी जुळतो. लाकडी पट्टीवरचा नाही, ती दुसऱ्याच कुठल्या रिव्हॉल्व्हरची. रंग मूळचा वाटतो, कडा धारदार आहेत. बाण-आय कुठेही नाही. नळीवर मात्र बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (हत्यारं तपासून शिक्का मारणारी संस्था) शिक्के आहेत: .३८, .७६७ इंच आणि साडेतीन टन (हा बाराचा दाब). दुकानदार म्हणाला, लष्कराने विकून टाकल्यावर नागरी बाजारात जाताना हे ठोकले जातात. .७६७ म्हणजे तेव्हा त्यात बसणाऱ्या काडतुसाच्या नळकांड्याची लांबी.

मग त्याने नकली ३८ स्पेशल घातलं. सहाही घरांत पार आत गेलं, टक्क.

नटबोल्ट

म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलं तेव्हा घर आखूड होतं, कोरलं त्यानंतर. शिक्क्यानेच साक्ष दिली की नाही? पुढचंही ऐक. स्पेशलचं नळकांडं मूळ काडतुसापेक्षा सुमारे सात हजारांश इंचाने बारीक. मागे घर सैल राहतं, बार उडाला की पितळ फुगतं, कधी उभं फाटतं. नेमबाजीला नको, संग्रहाला त्याहून नको. मी असतो तर ३५० च्या वर गेलो नसतो. सोड.

वहीखाते

मला नाही पटत. ब्रिटनला गेलं, विकलं गेलं, परत आलं, कुणा टेक्सनने कोरलं, हाही त्या वस्तूचा प्रवासच आहे आणि प्रत्येक टप्प्याची खूण अंगावर आहे. बार काढू नका, भिंतीवरच्या चौकटीत लावा. ५०० ला घ्या.

निवांत

चौकटीखाली पाटीवर काय लिहिणार? 'पणजोबांचं नसलेलं रिव्हॉल्व्हर'?

वहीखाते

'पणजोबांच्या साहेबाचं असू शकलेलं'. चालेल की!

नटबोल्ट

कोरलेली घरं म्हणजे प्रवास असेल, तर माझ्या स्कूटरचा पोचा वारसास्थळ आहे.

ह्यूस्टनचा पाव्हणा

पुतण्याला फोन केला, कोरलेल्या घरांचं सांगितलं. तो म्हणाला, काकांनी त्याच्यातून कित्येक वर्षं ३८ स्पेशलच झाडलं, कधी काही झालं नाही. मी ३५० म्हटलं, तो ६५० ला आला, मग दोघेही गप्प. पुढच्या महिन्यात गन शोमध्ये टेबल लावतोय म्हणे, तिथे ये.

पत्राची फी मात्र मी धागा काढायच्या आधीच भरून बसलोय.

तर्रीबाज

पत्र आलं की इथे टाका. तोवर नटबोल्ट आणि ताई थांबतील असं दिसत नाही.