मुलाला साप पाळायचाय, आई म्हणते घरात साप नको. तुमचं मत?

रेडिंगकर
आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. मुलगा १३ वर्षांचा आहे. वर्षभर एकच धोशा लावलाय: साप पाळायचा. वर्गातल्या मित्राकडे कॉर्न स्नेक आहे, तिथून खूळ शिरलं. कॉर्न स्नेक घ्यायचा की रॉयल पायथन (छोटा आफ्रिकन अजगर), एवढंच त्याचं ठरायचं आहे. त्याच्या आईचं मात्र सगळं ठरलेलं आहे.

मला स्वतःला यात वावगं वाटत नाही. दोन्ही बिनविषारी. पावसात फिरवायला न्यायला नको, भुंकणं नाही, सोफ्यावर केस नाहीत. तिचं म्हणणं, नागपंचमीला पाटावर काढतो तेवढा नाग पुरे. त्यात आम्ही पक्के शाकाहारी आणि सापाचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. "माझ्या मटारांशेजारी उंदीर ठेवणार?" इथे चर्चा संपते. तिला पटवायचं कसं, आणि पहिला साप कुठला घ्यावा?

खवल्या
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: कॉर्न स्नेक. रॉयल दिसायला देखणा, स्वभावाने गरीब, पण खाण्याच्या बाबतीत महा नाटकी. जागा बदलली, हवा कोरडी झाली, थंडी पडली, की तोंड मिटून बसतो, कधीकधी कित्येक महिने. मोठ्या सापाला त्याने फारसं बिघडत नाही, पण पोर रडकुंडीला येतं. शिवाय पश्चिम आफ्रिकेतून, घाना, टोगो, बेनिन इथून, आजही हे साप निर्यात होतात, त्यामुळे 'इथेच पैदास झालेला' याची खात्री करूनच घ्यावा. आणि 'स्पायडर' नावाचा रंगप्रकार कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नका. त्या रंगाबरोबर मज्जासंस्थेतला दोष येतो, मान डोलत राहते, डोकं सरळ धरता येत नाही.

कॉर्न अमेरिकेतला. मोठा झाला की साधारण ४ ते ५ फूट, अंगाने सडपातळ. पेटीच्या उबदार टोकाला तिशीच्या आसपास तापमान, दुसरं टोक थंड, लपायला दोन्हीकडे जागा, पाण्याचं भांडं. ऊब देणारं जे काही असेल त्याला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप भाजतो. आणि झाकणाला कडी! पिल्लू पेन्सिलीएवढं जाड असतं, डोकं शिरेल त्या फटीतून आख्खं बाहेर येतं.

वहिनींना एकदा एखाद्या जाणत्या माणसाकडचा साप हातात घेऊ द्या. तो ओला, बुळबुळीत नसतो हे कळलं की निम्मी भीती तिथेच जाते.

निंबोणी
धागाकर्ते, 'पटवायचं कसं' हा प्रश्नच मला खटकला. तिने पटवून घेण्यापलीकडे तिचा काही संबंध नसल्यासारखं लिहिलंय तुम्ही. इंग्लंडातला २००६ चा प्राणी कल्याण कायदा वाचा. १६ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि अशा मुलाच्या ताब्यातल्या प्राण्याची जबाबदारी त्याचा सांभाळ करणाऱ्या मोठ्या माणसावर असते. म्हणजे हौस मुलाची, पण कायद्याच्या लेखी साप तुमचा आणि तिचा. ज्याच्या गळ्यात घोंगडं पडणार त्याला नाही म्हणायचा हक्क नको?

आता साधा हिशोब. कॉर्न नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. मुलगा १८ व्या वर्षी विद्यापीठात जाईल, आणि बहुतेक वसतिगृहांत प्राणी चालत नाहीत. मग पुढची दहा-पंधरा वर्षं उंदीर कोण वितळवणार? तुम्ही वितळवणार असाल तर इथे तसं लिहा.

खवल्या
निंबोणी, या न्यायाने कोणी काहीच पाळू नये. मांजरही १५ वर्षं जगतं.

निंबोणी
मांजर तिने मागितलं असतं तर ती गोष्ट वेगळी होती.

कात्रजवाला
मी पुण्यात साप पकडून सोडायचं काम करतो, त्यामुळे पहिल्यांदाच सांगून टाकतो: हा धागा वाचून इथे कोणी कामाला लागू नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी साप घरी ठेवता येत नाही. धामण नाही, अजगर नाही, निरुपद्रवी म्हणून दिवडही नाही. परदेशी रॉयल पायथनसुद्धा नुसता आणून ठेवता येत नाही, २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. पोराला हौस असेल तर कात्रजच्या सर्पोद्यानात न्या.

इंग्लंडात कायदेशीर आहे, ठीक. तरी मला पटत नाही. आमच्याकडे रोज लोकांची समजूत घालावी लागते की साप डूख धरत नाही, बदला घेत नाही. तसाच तो प्रेमही करत नाही, हे पाळणाऱ्यांना कोणी सांगायचं? हातावर शांत बसला म्हणजे आवडला असं नाही. हात ऊबदार असतो म्हणून बसतो. रोज पन्नास वेळा हातात घ्याल तर खाणं सोडेल.

लेस्टरची मावशी
कात्रजवाले दादा, पोरांना हे समजतं हो. माझ्या भाचीकडे कॉर्न आहे आणि 'तो माझ्यावर प्रेम करतो' असं तिने कधी म्हटलेलं ऐकलं नाही. तिला बघायला आवडतं. जेवणाची वेळ मीही पाहिलीये. पिशवीत बांधलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून ऊबदार करायचा, पुसायचा, लांब चिमट्याने पुढे धरायचा. आधी नुसती जीभ लपलप, मग डोळ्यांदेखत झडप, वेटोळं. मेलेल्या उंदरालाही तो आवळतोच! मग घाई नाही. तोंडाने चाचपत उंदराचं डोकं शोधतो आणि तिथून गिळायला सुरुवात करतो. त्यानंतर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही हा भाचीच्या घरचा नियम, नाहीतर उलटी होते. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, तेव्हाही सुट्टी. पोरगी यातून थांबायला शिकली आहे, मला यातच सगळं आलं.

निंबोणी
मावशी, उंदीर कुठे ठेवतात तेही सांगा ना.

लेस्टरची मावशी
गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीजर. माझ्या बहिणीची पहिली अट तीच होती.

डॉक्टरीणबाई
आणि ती अट अगदी रास्त होती. इथे सगळे फ्रीजरचा मुद्दा भावनेचा समजून चालले आहेत, म्हणून लिहिते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला (जुलाब-उलट्यांचा जंतू) असू शकतो, प्राणी दिसायला ठणठणीत असला तरी. आणि सापांसाठी विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या उंदरांमुळेही ब्रिटनमध्ये माणसांना साल्मोनेलाची लागण झालेली आहे. गोठवल्याने हा जंतू मरत नाही. म्हणजे मटारांशेजारी उंदीर नको ही वहिनींची सोवळ्या-ओवळ्याची कटकट नाही, त्या सगळ्या धाग्यात सर्वांत शास्त्रीय बोलल्या आहेत.

तेव्हा: उंदीर वेगळ्या फ्रीजरमध्ये, निदान घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात. स्वयंपाकघरात वितळवायचे नाहीत, ओट्यावर नाहीत, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाहीत. पाण्याचं भांडं किचनच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. साप हाताळला की साबणाने हात. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल तर मी स्पष्ट नको म्हणेन. रेडिंगकर, भारतातून आजी-आजोबा चार-सहा महिने राहायला येतात का?

रेडिंगकर
येतात. उन्हाळ्यात सासूबाई येतात. हा विचार केला नव्हता.

खवल्या
त्यांना सापाच्या खोलीत जायचं कारणच काय? पेटी मुलाच्या खोलीत, दार बंद.

डॉक्टरीणबाई
जंतू दारातून नाही, मुलाच्या हातांवरून येतो. १३ वर्षांचा मुलगा प्रत्येक वेळी हात धुतो असं ज्या घरात असेल त्या घराला माझा नमस्कार.

बदकमित्र
एक मधला मार्ग सुचवतो. पिल्लू घेऊच नका. इथल्या प्राणी बचाव संस्थांकडे मोठे झालेले कॉर्न नेहमी येत असतात. घरं बदलतात, मुलं मोठी होतात, नेमकं निंबोणी म्हणतात तेच. पाच-सहा वर्षांचा साप घ्या. मेलेलं खातो की नाही, हाताळू देतो की नाही, सगळं आधी विचारता येतं. पिल्लाला दर आठवड्याला खायला लागतं, मोठ्याला दहा-पंधरा दिवसांनी एकदा, म्हणजे उंदीरही कमी. आणि वीस वर्षांचा करार चौदा-पंधरावर येतो. पेटी मात्र पहिल्यापासून मोठी लागेल. साप पूर्ण लांब पसरू शकेल एवढी हवी असं आरएसपीसीए ही इथली प्राणी कल्याण संस्था सांगते, म्हणजे चार फूट तरी धरा.

(सोडून देण्याचा विचार मनातही आणू नका. परका प्राणी मोकळा सोडणं इथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. वेल्समधल्या कॉल्विन बे इथे प्राणिसंग्रहालयातून निसटलेल्या एस्कुलेपियन या परक्या जातीच्या सापांची वसाहतच झाली आहे.)

कात्रजवाला
हे मला त्यातल्या त्यात पटलं. निदान आधीच जन्मलेल्या, बेघर झालेल्या जीवाची सोय होते.

निंबोणी
मलाही. पण माझा प्रश्न लोंबकळतोच आहे. मुलगा गेल्यावर उंदीर कोण वितळवणार?

रेडिंगकर
सगळ्यांचे आभार. कालच्या जेवणात धागा मोठ्याने वाचून दाखवला. डॉक्टरीणबाईंचा प्रतिसाद हिने दोनदा वाचायला लावला आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही. तूर्तास तिचं उत्तर 'नाही'च आहे, पण अटींवर आलंय. फ्रीजर गॅरेजमध्ये, तोही मुलाच्या वाढदिवसाच्या पैशांतून. सासूबाई परत जाईपर्यंत काही आणायचं नाही. आणि निंबोणी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिने माझ्याकडून लेखी मागितलं आहे. त्यात काय लिहावं यावर विचार चालू आहे.

निंबोणी
'मी' असं लिहा. एकच अक्षर आहे.